घोडं पेंड खातं ते पायऱ्यांवर

शालेय विज्ञानाची पुस्तकं लिहिणारे लेखक, त्यांतली चित्रं काढणारे चित्रकार, शाळांच्या भिंतींसाठी तक्ते छापणारे प्रकाशक आणि विज्ञान केंद्रांतले फलक करणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

‘घोड्याची उत्क्रांती’ म्हटलं की तुमच्याकडून एकच चित्र येतं. डावीकडे कुत्र्याएवढा इओहिप्पस, त्याच्यापुढे थोडा उंच मेसोहिप्पस, मग मेरिकिप्पस, मग प्लायोहिप्पस आणि उजव्या टोकाला मान ताठ केलेला आजचा घोडा, ईक्वस. खाली पायांची हाडं: चार बोटं, तीन, तीनच पण कडेची लहान, शेवटी एक. पाच प्राणी रेशनच्या रांगेत उभे असावेत तसे एकामागे एक. यातली नावं बरोबर आहेत, हाडंही बहुतेक वेळा बरोबर असतात. चूक रांगेत आहे. आणि हे चित्र सोपं म्हणून चालवून घेण्यासारखं नाही, कारण त्यातून मुलं जे शिकतात ते उत्क्रांतीच्या नेमकं उलटं असतं.

आम्ही जीवाश्म आणि प्राण्यांची शरीररचना या विषयांत काम करतो. पुढच्या आवृत्तीत काय बदलावं, कसं बदलावं आणि हात कुठे घसरतो, एवढंच या पत्रात लिहीत आहोत.

आधी ही रांग आली कुठून? १८७०च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठाचे जीवाश्मतज्ज्ञ ऑथनिएल मार्श यांच्याकडे पश्चिमेकडून पेट्याच्या पेट्या जीवाश्म येत होते. त्यांनी पुढचा पाय, मागचा पाय, वरची दाढ, खालची दाढ असे स्तंभ पाडून एक तक्ता केला. १८७६ साली इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्ली अमेरिकेत आले, मार्श यांचा संग्रह पाहून थक्क झाले आणि न्यूयॉर्कच्या व्याख्यानांत त्यांनी तोच क्रम लोकांपुढे मांडला. त्या काळी हाती जेवढे नमुने होते त्यांवरून सरळ रेषा काढणं गैर नव्हतं. पण नंतर खणायचं काम थांबलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन घोड्यांचं चांगलं फांद्या फुटलेलं झाड काढत होते. त्यालाही आता सत्तरएक वर्षं झाली. म्हणजे तुमचे तक्ते जुने आहेत ते दहा-वीस वर्षांनी नव्हे.

रांग मोडायला एकच प्राणी पुरेसा आहे: नॅनिप्पस. उत्तर अमेरिकेतला हा छोटा, हरणासारख्या बारीक पायांचा घोडा. पायाला तीन बोटं. म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने ‘मागासलेला’. पण दाढा मात्र अंगाच्या मानाने आजच्या घोड्यालाही मागे टाकतील इतक्या उंच, म्हणजे ‘पुढारलेला’. आणि काळ? ईक्वस अवतरल्यानंतरही तो टेक्सास-फ्लोरिडात त्याच्याच शेजारी चरत होता. आकार, बोटं आणि दाढा या तिन्ही गोष्टी हातात हात घालून पुढे सरकल्या असं तुमचा तक्ता सांगतो. नॅनिप्पसमध्ये आकार आणि बोटं एका दिशेला, दाढा दुसऱ्या दिशेला आहेत. त्याला रांगेत कुठे उभा करणार? म्हणूनच तो तक्त्यांतून गाळला जातो आणि म्हणूनच तो पहिल्यांदा घातला पाहिजे.

त्याच्या मागेपुढे अशी बरीच मंडळी आहेत. मेसोहिप्पस संपला आणि त्याचा मायोहिप्पस झाला असं आपण शिकवतो. डोनाल्ड प्रोथेरो आणि नील शुबिन यांनी १९८९मध्ये थर नीट तपासून दाखवलं की हे दोघं लाखो वर्षं एकत्र नांदत होते. वायोमिंगमध्ये एका पातळीवर मेसोहिप्पसच्या तीन आणि मायोहिप्पसच्या दोन जाती एकाच वेळी सापडतात. फांदी फुटली तरी मूळ खोड लगेच वाळत नाही. दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उत्तर अमेरिकेत तर घोड्यांचे दहाहून अधिक प्रकार एकाच काळात होते. त्यांत हायपोहिप्पस आणि मेगाहिप्पससारखे धिप्पाड, पण पाला खाणारे आणि तीन बोटांचे घोडेही होते, आणि आर्किओहिप्पससारखे बुटकेही.

याहून ठसठशीत उदाहरण अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ॲशफॉल या जीवाश्मस्थळाचं. सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी दूर आयडाहोकडच्या ज्वालामुखीची राख इथे एका पाणवठ्यावर साचली. काचेसारखी धारदार राख श्वासाबरोबर फुफ्फुसांत गेली आणि प्राणी पाणवठ्याशी येऊन मेले. आधी पक्षी आणि कासवं, त्यांच्यावर घोडे आणि उंट, सगळ्यांत वर गेंडे, असा मरणाचा क्रम थरांतच वाचता येतो. १९७१मध्ये मायकेल वूरहीज यांना ओघळीच्या काठात गेंड्याच्या पिल्लाची कवटी दिसली, तिथून हे सगळं बाहेर आलं. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं असं की या एका पाणवठ्यावर पाच प्रकारचे घोडे सापडले. त्यांतल्या प्लायोहिप्पसचे काही सांगाडे एका बोटाचे आहेत, तर काहींना कडेची लहान बोटं शाबूत आहेत. एकाच कळपात, एकाच राखेखाली. नैसर्गिक निवड ज्यातून होते ती विविधता म्हणजे काय, हे मुलांना सांगायला याहून चांगलं चित्र आम्हाला माहीत नाही. फलकासाठी जागा एकाच प्रसंगाला असेल, तर रांग काढून टाका आणि हा पाणवठा काढा.

आता पायाकडे. ‘बोटं एकेक करून गळत गेली’ हे वाक्य कृपा करून छापू नका. त्याऐवजी मुलांना हात टेबलावर सपाट ठेवायला सांगा. मग तळवा हळूहळू उचलायचा, भार बोटांच्या टोकांवर घ्यायचा. अंगठा सर्वांत आधी सुटतो. अजून उचला, करंगळी सुटते. आणखी उचलला की तर्जनी आणि अनामिका अधांतरी होतात आणि मधलं बोट तेवढं टेकलेलं राहतं. घोड्याच्या वंशात बोटं ज्या क्रमाने लहान झाली तो हाच क्रम: इओहिप्पसच्या पुढच्या पायाला अंगठा नाही, चार बोटं आहेत (मागच्या पायाला तीन). मेसोहिप्पसला करंगळीही नाही. आणि ईक्वस मधल्या बोटाच्या नखावर चालतो, कारण खूर म्हणजे नखच. घोड्याच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. मागच्या पायाचा उलट वळलेला सांधा म्हणजे टाच. चित्रात हे बाण काढून लिहा, शेजारी माणसाच्या हाताची हाडं त्याच रंगांत रंगवा.

कडेची बोटं पुरती गेलेलीही नाहीत. नळीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीसारखी निमुळती दोन हाडं आजही असतात. ती तर्जनी-अनामिकेच्या तळव्यातल्या हाडांची शिल्लक आहे. कोवळ्या वयात घोड्यावर जास्त मेहनत लादली तर ही हाडं आणि नळी यांना बांधणारे धागे दुखावतात आणि पायाच्या आतल्या बाजूला कडक गाठ येते. पशुवैद्यांना हे रोजचं आहे. तक्त्यांत मात्र ईक्वसचा पाय काढताना ही हाडं सर्रास गाळतात आणि एकच गुळगुळीत नळी दाखवतात. मग मेरिकिप्पसशी त्याचा सांधा जुळत नाही. नळीच्या मागे जो स्नायू होता त्याचं रूपांतर जवळपास पूर्णपणे चिवट, ताणला जाणाऱ्या दोरीत झालेलं आहे. टाप पडताना ती ताणते आणि उचलताना ताकद परत देते. बोटं कमी होणं हा त्या स्प्रिंगच्या बनावटीचा एक भाग आहे, स्वतंत्र ‘प्रगती’ नव्हे.

दाढांवर जरा जास्त वेळ घेतो, कारण घोड्याची खरी गोष्ट तोंडात आहे आणि तक्त्यात तिला सर्वांत कमी जागा मिळते.

आजच्या घोड्याची वरची दाढ हातात घेतली तर ती दाढ वाटतच नाही, चौकोनी ठोकळा वाटतो. तरुण घोड्यात तिची उंची सात-आठ सेंटिमीटर असते, पण हिरडीबाहेर दिसतो तो थोडासा तुकडा. बाकीची जबड्यात दडलेली असते आणि झिजेल तशी वर सरकते. माथ्यावर तीन पदार्थ दिसतात: नागमोडी वळणं घेत गेलेल्या पांढऱ्या, कडक दंतवल्काच्या कडा, त्यांच्या आत पिवळसर दंतिन आणि बाहेरून, खाचांतून भरलेलं दंतसिमेंट. तिघांचा कडकपणा वेगळा. दंतिन आणि सिमेंट आधी झिजतात, दंतवल्क मागे राहतं, आणि कडा कायम उभ्या राहतात. जात्याला टाकी लावायला टाकीवाला यायचा ते आठवा. घोड्याची दाढ हे स्वतःला टाकी लावून घेणारं जातं आहे.

वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर दाढ झिजते. आठ सेंटिमीटरला भागून पाहा, घोड्याचं आयुष्य निघतं. म्हातारपणी वल्काच्या वळ्या संपल्या की माथा गुळगुळीत होतो, गवत दळलं जात नाही, आणि घोडा अर्धवट चघळलेले गोळे तोंडातून टाकू लागतो. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला टोकं वाढतात, गाल आणि जीभ कापली जाते, आणि ती टोकं कानशीने घासावी लागतात. हा हिशेब मुलांना वर्गात करायला द्या: उंची भागिले वार्षिक झीज. पाचवीतल्या मुलालाही जमेल.

इओहिप्पसची दाढ याच्या पुढे ठेवा. बुटकी, गोलसर उंचवट्यांची, पाला आणि मऊ फळं चिरडायला पुरेशी, सिमेंटचा पत्ता नाही. या दोन दाढा एका मापाने, शेजारी शेजारी, बाजूने काढल्या तर निम्मा धडा चित्रातच होतो. हात घसरतो तो इथे: चित्रकार दाढ फक्त वरून काढतात. वरून दोन्हींत नक्षीचा फरक दिसतो, उंचीचा नाही.

आणि कारण सांगताना घाई नको. ‘गवताळ प्रदेश आले म्हणून दाढा उंच झाल्या’ हे वाक्य अर्धं खरं आहे. गवताच्या पात्यात सिलिकाचे कण असतात. उसाच्या फडात हात कापलेल्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय जमिनीलगत चरताना माती-वाळूही तोंडात जाते. दोन्हींनी दाढ झिजते. पण कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग यांनी वनस्पतींचे सिलिकाकण थरांतून वेचून २००६मध्ये दाखवलं की अमेरिकेच्या मध्यभागी गवताची कुरणं उंच दाढांच्या घोड्यांच्या निदान ४० लाख वर्षं आधीपासून होती. म्हणजे कुरण आलं आणि दाढ लगेच वाढली असं झालेलं नाही. उलट बाजूनेही सावध राहा: फ्लोरिडातल्या सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच्या सहा उंच दाढांच्या घोड्यांच्या दातांतला कार्बन (त्यावरून खाणं कळतं) तपासला तेव्हा ते सगळे गवतच खात होते असं निघालं नाही. उंच दाढ म्हणजे गवत खाण्याची सोय, सक्ती नव्हे.

दाढांमुळेच चेहराही बदलला. एवढे उंच ठोकळे मावायला जबडा खोल आणि लांब हवा, म्हणून डोळा मागे सरकला. इओहिप्पसचा डोळा कवटीच्या साधारण मध्यावर होता, मुस्कट आखूड. पण तक्त्यात जो इओहिप्पस दिसतो तो आजचा घोडा धुवून आटवल्यासारखा असतो: लांब तोंड, आयाळ, झुपकेदार शेपूट. तसं काढू नका. पाठ थोडी कमानदार, बोटांखाली कुत्र्यासारखी गादी, प्रत्येक बोटाला चिमुकलं खूर. आयाळीचा पुरावा नाही, म्हणून आयाळ नको. रंग तुमच्या मर्जीचा, फक्त खाली ‘रंग कल्पनेने’ असं छापा.

नावाचंही एकदा निस्तरा. काही पुस्तकांत पहिल्या घोड्याला हायराकोथेरियम म्हणतात, काहींत इओहिप्पस. रिचर्ड ओवेन यांनी १८४१मध्ये इंग्लंडमधल्या एका कवटीला हायराकोथेरियम हे नाव दिलं. मार्श यांनी १८७६मध्ये अमेरिकेतल्या प्राण्याला इओहिप्पस म्हटलं. पुढे दोन्ही एकच मानून जुनं नाव सगळ्यांना लावलं गेलं. अलीकडच्या अभ्यासांत इंग्लंडचा तो प्राणी घोड्यांच्या जवळच्या दुसऱ्याच कुळात गेला आणि अमेरिकेतल्या ‘हायराकोथेरियम’चीही अनेक प्रजातींत वाटणी झाली. शाळेच्या पुस्तकात ‘इओहिप्पस आणि त्याचे जवळचे नातलग’ एवढं पुरे.

त्या नातलगांतला एक सिफ्रहिप्पस. नाव अरबी सिफ्र, म्हणजे शून्य, यावरून. तो ज्या सगळ्यांत खालच्या थरात सापडतो त्याला भूशास्त्रज्ञ शून्य क्रमांक देतात. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी झपाट्याने तापली तेव्हा वायोमिंगमध्ये हा प्राणी पहिल्या १ लाख ३० हजार वर्षांत सुमारे साडेपाच किलोवरून चार किलोपर्यंत, म्हणजे घरच्या मांजराएवढा, लहान झाला. हवा निवल्यावर पुन्हा सातएक किलोचा झाला. ‘घोडा मोठा होत गेला’ या वाक्याची सुरुवातच अशी उलटी आहे. नंतरही पहिली तीन कोटी वर्षं आकारात फारसा फरक नाही.

आता भारताचा भाग. तो घालावा असं आम्हाला मनापासून वाटतं, पण बेतानेच. सुरतेजवळ वस्तान इथे लिग्नाइटची उघडी खाण आहे. तिथून २००५मध्ये सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी कॅम्बेथेरियम नावाचा प्राणी नोंदवला. पुढे केनेथ रोझ, राजेंद्र राणा, अशोक सहानी आदींच्या चमूला त्याचे बरेच अवशेष मिळाले आणि २०१४मध्ये त्यांनी मांडलं की हा विषमखुरी गटाचा, म्हणजे घोडे, गेंडे आणि टॅपिर (आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी) या सर्वांचा मिळून, सख्खा चुलत नातलग आहे. वय सुमारे साडेपाच कोटी वर्षं, भारत तेव्हा आशियाच्या मुख्य भूमीपासून अलग किंवा नुकताच टेकत असलेला. इथे हात आवरा. ‘घोडा मूळचा गुजरातचा’ असं शीर्षक मोहात पाडतं, पण कॅम्बेथेरियम घोड्याचा पूर्वज नाही. त्याच्या आधीच दुसरीकडे खरे विषमखुरी हिंडत होते. तो जुन्या घराण्याच्या उरलेल्या शाखेतला आहे.

खरे घोडे आपल्याकडे उशिरा आणि पाहुणे म्हणून आले. अलास्का आणि सायबेरिया यांना तेव्हा जोडणाऱ्या बेरिंगच्या भूपुलावरून आधी पाला खाणारा अँकिथेरियम आशिया-युरोपात उतरला. मग सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी तीन बोटांचे हिप्पॅरियन, जे शिवालिकात मुबलक सापडतात. शेवटी ईक्वस, सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी. शिवालिकातला ईक्वस सिवालेन्सिस आणि नर्मदेच्या गाळातला ईक्वस नामाडिकस ही नावं एकोणिसाव्या शतकातच फाल्कनर आणि कॉटली यांनी दिली. तिकडे अमेरिकेत मात्र, जिथे हे सगळं झाड वाढलं, तिथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी घोडा नामशेष झाला. १४९३मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीबरोबर तो जहाजातून परत गेला. तुमच्या तक्त्यात उत्तर अमेरिकेचा नकाशा नसतो, त्यामुळे मुलांना हे सगळं अरबस्तानात किंवा हस्तिनापुरात घडलं असं वाटतं. कोपऱ्यात हाताएवढा नकाशा आणि तीन बाण एवढंच हवं.

उजव्या टोकाला शर्यतीचा, लगाम घातलेला घोडा काढू नका. आज ईक्वसच्या सात जाती मानतात: घोडा, आफ्रिकेचं रानगाढव, आशियाचं रानगाढव (कच्छच्या छोट्या रणातलं घुडखर हे यातलंच), तिबेटचं कियांग आणि झेब्र्याचे तीन प्रकार. सातही सारख्याच आकारात, उजव्या उभ्या कडेला, एकाखाली एक. पाळीव घोडा तर अगदी कालचा. २०२१च्या डीएनए अभ्यासानुसार आजच्या सर्व पाळीव घोड्यांचा उगम व्होल्गा-डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात आणि त्यांचा वेगाने प्रसार सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी. आपलं भीमथडी तट्टूही त्याच वंशाचं.

जुने तक्ते फेकून द्यायची गरज नाही. ५६ सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. उजवी कड म्हणजे आज. तक्त्यातली पाचही चित्रं कापून घ्या. कडेपासून ५५ सेंटिमीटरवर इओहिप्पस, ३५वर मेसोहिप्पस, १५वर मेरिकिप्पस, १२वर प्लायोहिप्पस, ४वर ईक्वस. पाळीव घोड्यासाठी ०.०४ मिलिमीटर मिळतात, केसाच्या जाडीहून कमी, तेव्हा तो चिकटवायच्या भानगडीत पडू नका. नॅनिप्पस वेगळा काढून ईक्वसच्या डोक्यावर लावा. चिकटवताना लक्षात येईल की डावीकडे वीतभर मोकळी जागा उरते, आणि मेरिकिप्पस व प्लायोहिप्पस मात्र शेजारी मावत नाहीत, एकावर एक येतात. तिथे एकाला वर सरकवा आणि दोघांना दोऱ्याने जोडा. फांदी तिथून फुटते.

आपले,
जीवाश्म आणि प्राणिशरीररचना या विषयांत काम करणारे काही जण